पानेवाला कोण?

स्वतःच्या बायकोचा हेवा वाटायला लागला, तेव्हा स्वाराच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि संसारात तसं काहीच वाकडं नव्हतं. लेक शाळेत जात होती, घर कोरडं होतं, तब्येती धडधाकट होत्या. म्हणूनच त्या दुखण्याला काय म्हणावं हे त्याला बरेच दिवस उमगलं नाही.

स्वार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ‘दोन चाकं’ नावाच्या सायकलींच्या मासिकात तो या नावानं नव्या सायकलींची परीक्षणं लिहायचा, आणि पुढे घरीदारी सगळेच त्याला स्वार म्हणू लागले. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर मासिकाच्या दोन खोल्या होत्या. खाली यंत्र सुरू झालं की वर जमीन थरथरायची आणि कपातल्या चहावर वर्तुळं उठायची. जिन्यात त्याचे बूट वाजले की खाली खिळे जुळवणारे लोक एकमेकांना म्हणायचे, “आली स्वारी!” तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण पुढच्या दोन पायऱ्या जरा दमदार टाकायचा.

त्या काळी मासिक चौसष्ट पानांचं होतं. कागद जाडसर, पिवळट. मुखपृष्ठावर दोनच रंग. आत चित्रं कमी आणि मजकूर खच्चून. एका सायकलीच्या परीक्षणाला चार पानं मिळायची. स्वार ती सायकल तीन आठवडे वापरायचा. चढावर, उतारावर, खडीवर, दांडीला पिशव्या अडकवून, लेकीला पुढं बसवून. तीनशे किलोमीटर झाल्याखेरीज तो कागदाला पेन लावत नसे. “ही सायकल सकाळी उत्साही असते आणि दुपारी कुरकुरते,” असली त्याची वाक्यं लोक पाठ म्हणायचे. एका कारखान्यानं तर त्याचं परीक्षण वाचून सीटची स्प्रिंगच बदलली होती. दुकानात नवी सायकल बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारायचं, “स्वार काय म्हणतोय?”

एक गोष्ट मात्र या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हती. स्वाराला सायकल चालवता यायची, तिच्याविषयी लिहिता यायचं, पण ती उघडता यायची नाही. ते काम बायकोचं. त्याच्या सासऱ्यांचं सायकल-दुरुस्तीचं दुकान होतं आणि ती त्या दुकानातच वाढली होती. इतर मुली दोरीवरच्या उड्या मारत त्या वयात ती ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायची. परीक्षणासाठी नवी सायकल घरी आली की ती मागच्या अंगणात उलटी करायची, चाक फिरवायची, मान कलती करून ऐकायची आणि सांगायची, “पुढच्या हबमध्ये छर्रे कोरडे आहेत. कारखान्यात ग्रीस भरलंच नाही.” स्वार ते टिपून घ्यायचा आणि परीक्षणात लिहायचा, “पुढचं चाक स्वभावानं जरा तक्रारखोर वाटलं.” दोघांनाही ही वाटणी पसंत होती.

मासिकात दुरुस्तीचं एक पान असायचं. ते लिहिणारा म्हातारा मिस्त्री एका वर्षी कायमचा मुलीकडे राहायला गेला. संपादक चष्मा कपाळावर सरकवून डोकं धरून बसले. तेव्हा स्वारच म्हणाला, “माझी बायको लिहील. दुसरं कुणी मिळेपर्यंत दोन महिने सांभाळेल ती.”

हे तो मनापासून म्हणाला होता, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला तेच वाक्य आठवून स्वतःची जीभ चावावीशी वाटली.

संपादकांना कल्पना आवडली, नाव आवडलं नाही. “बाईंचं नाव छापलं तर लोक म्हणतील, हिला काय कळतंय. एखादं पुरुषाचं नाव घेऊ या.”

“पानेवाला ठेवा,” ती म्हणाली. “पाना माझा, पान तुमचं.”

संपादक इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर येऊन पडला.

दोन महिन्यांचे चार झाले, चारांचं वर्ष झालं. दुसरं कुणी शोधायचं होतं हेच सगळे विसरून गेले. पानेवाल्याची उत्तरं आखूड असायची. एका वाचकानं लिहिलं होतं, “चढावर माझे गुडघे फार दुखतात, तरी कोणती नवी सायकल घ्यावी याचं मार्गदर्शन करावं.” उत्तर छापून आलं: “नवी सायकल घेऊ नका. सीट तीन बोटं वर घ्या. तरीही दुखले तर डॉक्टरांना विचारा, मला नको.”

लोकांना हे भलतंच आवडलं. पत्रं यायला लागली. संपादक टपालाची थैली टेबलावर रिकामी करून तीन ढीग करायचे: एक स्वाराचा, एक पानेवाल्याचा आणि एक अंक मिळाला नाही म्हणून कावलेल्यांचा. पहिला ढीग नेहमी सगळ्यात उंच असायचा. एके दिवशी पहिला आणि दुसरा सारखेच दिसले. पुढच्या महिन्यात दुसरा उंच होता. स्वाराच्या पोटात काहीतरी हललं. सकाळी नीट खाल्लं नाही म्हणून असेल, असं त्याला वाटलं. पण घरी जाऊन पोटभर जेवल्यावरही ते हलतच राहिलं.

मग तो बारीकसारीक खुसपटं काढायला लागला. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तरं लिहायची. तो मागून डोकवायचा.

“‘घट्ट बसवा’ हे किती वेळा आलंय बघ जरा.”

“सात ठिकाणी.”

“कानाला खटकतं.”

“सात ठिकाणी सैल बसवून बघा, मग काय काय खटकतं ते कळेल,” ती म्हणायची आणि पुढचं पत्र ओढायची.

तिच्या बोलण्यात टोमणा नसायचा, आणि त्यानंच तो जास्त चिडायचा. तिला ढिगांची उंची दिसतच नव्हती. पत्रं वाचताना ती फक्त सायकली बघायची: कुणाची चेन उतरतेय, कुणाच्या चाकाला डगमग आहे. एकदा तिला कळू न देता त्यानं संपादकांना सुचवलं की दुरुस्तीचं पान मधे नको, अगदी शेवटी छोट्या जाहिरातींच्या मागे टाकावं, म्हणजे मासिकाला घाट येईल. संपादकांनी ऐकलं. तीन महिन्यांत वाचक अंक मागून पुढं वाचायला लागले.

मासिकाचा वर्षातून एकदा वाचक-मेळावा भरायचा. एका शाळेचं मैदान घ्यायचे. भिंतीला, झाडांना, एकमेकींना टेकून शेदोनशे सायकली उभ्या असायच्या. त्या वर्षी लेकीला ताप आला म्हणून बायको घरी राहिली आणि स्वार एकटाच गेला. लोक भेटले, हात मिळवले, बरं बोलले. पण प्रत्येकाचा दुसरा प्रश्न तोच: “पानेवाला आलाय का हो? कसा दिसतो?”

दुपारी एक उंच, टक्कल पडलेला टपालवाला त्याच्याकडे बारीक डोळे करून बघत म्हणाला, “मला ठाऊक आहे. पानेवाला म्हणजे तुम्हीच. दोन नावांनी लिहिता. शैलीवरून ओळखलं मी!”

आजूबाजूचे लोक वळले. स्वारानं तोंड उघडलं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो हसला आणि म्हणाला, “आता तुम्ही ओळखलंच म्हटल्यावर मी काय बोलणार!”

झालं. त्याच्याभोवती कोंडाळं जमलं. कुणी खांदा थोपटला, कुणी अंकावर सही मागितली. एक तरुण परिचारिका पुढं आली. ती रोज सायकलवरून इस्पितळात कामाला जायची. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “तुमचं वाचून मी माझे ब्रेक स्वतः बसवले. आठवड्याभरातच उतारावर एक गाडी आडवी आली. ब्रेक लागले म्हणून मी आज इथं आहे.” तिचे डोळे भरून आले होते. स्वाराचेही आले. त्या क्षणी त्याला खरोखरच वाटलं की ते ब्रेक आपणच बसवले.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “कसा झाला मेळावा?”

“नेहमीसारखाच,” तो म्हणाला आणि लेकीच्या कपाळाला हात लावून बघायला गेला.

तीन आठवड्यांनी त्या परिचारिकेचं पत्र आलं. पाकिटावर ‘पानेवाला’ असं लिहिलेलं, म्हणून ते बायकोच्या ढिगात गेलं. ती सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागली. “मेळाव्यात आपली भेट झाली हे माझं भाग्य. मला वाटलं होतं तुमचे हात काळे नि खरखरीत असतील. पण ते अगदी मऊ निघाले, याचं नवल वाटलं.”

ती थांबली. स्वार खिडकीशी उभा होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बघत राहिला.

“काही सांगितलंत का हो तिला? ब्रेकबद्दल वगैरे?”

“नाही. काही नाही.”

“बरं केलंत,” ती म्हणाली. “चुकीचं सांगितलं असतंत तर निस्तरायला मलाच लागलं असतं.”

एवढंच. आरडाओरडा नाही, रडणं नाही, अबोलाही नाही. जेवणं वेळेवर, कपडे वेळेवर. मात्र पुढच्या महिन्यात नवी सायकल घरी आली, तेव्हा ती अंगणात उलटी झाली नाही. दोन दिवस गेले, चार गेले. स्वार आडून म्हणाला, “या सायकलीचं मागच्या हबमधलं गिअर जरा नवं दिसतंय.”

“हो, दिसतंय खरं,” ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

“बघतेस का जरा?” हे तीन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. तिथंच अडकले. जिच्या नावावर आपण मिरवून आलो तिच्याकडेच आता मदत मागायची? त्याचा अभिमान आडवा आला. त्यानं स्वतःच्या अकलेनं परीक्षण लिहिलं: “पॅडल मारता मारताच गिअर बदला, सायकल सुरेख साथ देते.”

महिन्याभरात पानेवाल्याच्या ढिगात पंधरा-वीस पत्रं एकाच मजकुराची आली. स्वारांनी सांगितलं तसं केलं आणि गिअर खडखडायला लागलं, आता काय करावं? पुढच्या अंकात उत्तर होतं: “क्षणभर पॅडल मारायचं थांबा, मग गिअर बदला. स्वारांनीही याची नोंद घ्यावी.”

छापखान्यात त्या दिवशी ‘आली स्वारी’ नंतर जो हशा झाला, तो वेगळाच होता. तो तणतणत घरी आला.

“हे छापायची काय गरज होती?”

“लोकांची गिअरं मोडत होती.”

“मला घरात सांगायचं!”

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. “तुम्ही मला विचारत होतात ना, तोवर नाव कुणाचं छापतंय याचं मला काही वाटत नव्हतं. चार पानांत माझी दहा वाक्यं असायची. ती तुमच्या नावावर गेली तरी ती मला विचारून गेली होती. मेळाव्यातलं विचारून नव्हतं.”

यावर माफी मागायची ती वेळ होती. स्वारानं त्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून दोन गल्ल्या पलीकडच्या मिस्त्रीकडे जायला सुरुवात केली. पुढची वीसेक वर्षं तो नवी सायकल आधी त्या मिस्त्रीला दाखवायचा. एकाच छपराखाली राहणारी दोन माणसं एकाच मासिकात एकमेकांना न विचारता लिहीत राहिली. लेकीला मोठेपणी याचं फार हसू यायचं आणि मधूनच हसू थांबायचं.

काळ बदलला तसं मासिकही बदललं. म्हातारे संपादक गेले आणि त्यांचा पुतण्या त्या खुर्चीत बसला. मनानं चांगला, पायांना भिंगरी. छापखान्याच्या वरच्या खोल्या गेल्या. काचेच्या दारांची कचेरी आली. कागद गुळगुळीत झाला, इतका की दिव्याखाली अंक धरला तर वाचणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसायचं. मजकुराच्या जागी पानभर छायाचित्रं आली. सायकलीपेक्षा सायकल चालवणाऱ्याबद्दलच जास्त छापून यायला लागलं: त्याची नाडी, त्याचा चष्मा, त्याच्या मनगटावरचं घड्याळ, त्यानं सकाळी उठून काय प्यावं. दुकानात सामान आणायला सायकलनं जाणारा माणूस मासिकातून नाहीसा झाला.

स्वाराची चार पानं दोन झाली, मग एक, मग अर्धं. तीनशे किलोमीटर गेले, आता सायकल एका दुपारपुरती यायची, बरोबर छायाचित्रकार असायचा आणि तो म्हणायचा, “काका, तुम्ही जरा बाजूला व्हा, सावली पडतेय.” परीक्षणाखाली चांदण्या द्यायच्या. पाचपैकी चारपेक्षा कमी दिल्या तर जाहिरातवाल्यांचा फोन यायचा.

पण त्याही दिवसांत त्याची नजर शेजारच्या पानावरच. पानेवाल्याचं पान आक्रसत होतं हे त्याला दिसत होतं, आणि आपलं आक्रसल्याचं दुःख त्यामुळे निम्म्यानं कमी होत होतं. शेवटी ते पान एका चौकटीत मावायला लागलं. एके दिवशी पुतण्या म्हणाला, “काकूंना कसं सांगू कळत नाही. पण आता काही दुरुस्त होतच नाही हो. पार्ट गेला की नवा लावतात. ती चौकट बंद करतोय.”

“मी सांगतो तिला,” स्वार म्हणाला.

घरी तो चेहरा पाडून आला. बायको नळाखाली हाताचं तेल धूत होती. त्यानं जमेल तेवढ्या जड आवाजात सांगितलं. तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, “तुम्ही जिन्यात शीळ घालत होतात.”

त्याला ते आठवेना. पण ती खोटं बोलत नसे.

दोन वर्षांनी त्याचीही गच्छंती झाली. त्याच्या जागी एक तरतरीत पोरगी आली. शिरस्त्राणाला कॅमेरा लावून ती उतारावरून सुसाट यायची आणि लोक फोनवर ते बघायचे. स्वार घरी आला, खुर्चीत बसला. बायकोनं ऐकून घेतलं, चहा टाकला, त्याच्यासमोर बसून राहिली. तिनं शीळ घातली नाही. तेही त्याला लागलं. तेवढ्यातही तीच वरचढ ठरली होती.

त्यानंतर लेकीनं घरात कॉम्प्युटर आणला आणि दुपारी स्वार त्याच्यापुढे बसायला लागला. इंटरनेटवर सायकलवाल्यांचा एक चावडीसारखा कट्टा होता. कुणीतरी हौशी माणसानं ‘दोन चाकं’चे जुने अंक पान न् पान उतरवून तिथं टाकले होते. स्वारानं आपली नि तिची पानं शोधली. पानेवाल्याची पानं हजारो लोकांनी उघडली होती. “आजही याच पद्धतीनं चाक सरळ केलं,” असं कुठून कुठून लोक लिहीत होते. स्वाराची चार-चार पानं कुणी उघडलीच नव्हती. साहजिकच होतं. ज्या सायकली आता बनतच नाहीत त्या सकाळी उत्साही असतात की दुपारी, याच्याशी कुणाला काय करायचंय? ब्रेक मात्र अजून तसेच बसतात. इतकी वर्षं त्याला वाटायचं की तिचं ते खिळे-मोळे, आपलं ते लेखन.

आणि मग त्याला तिथं एक मथळा दिसला: ‘पानेवाला कोण?’ खाली पन्नासेक लोकांचा काथ्याकूट होता. शेवटी कुणीतरी ठामपणे लिहिलं होतं, “वाद मिटवा. पानेवाला म्हणजे स्वार. फार वर्षांपूर्वी मेळाव्यात त्यांनी स्वतः माझ्यासमोर कबूल केलं. माझ्याकडे सही आहे.” त्याखाली नुसती कौतुकं. एकच माणूस एवढं चालवू शकतो आणि दुरुस्तही करू शकतो! असा माणूस पुन्हा होणे नाही!

स्वारानं कुणाला सांगितलं नाही. आठवडाभर तो रोज दुपारी ते वाचत होता. चोरून काही गोड खावं तसं.

त्याच सुमारास पुतण्याचा फोन आला. मासिक बंद होत होतं. शेवटचा अंक काढायचा होता. “काका, पानेवाल्याचा निरोपाचा लेख हवा. शेवटच्या पाच युक्त्या आणि एक आठवण. इंटरनेटवर वाचलं मी. आमचे काका म्हणायचे की ते पान तुमच्याच घरून येतं, म्हणून मला वाटायचं काकूच लिहितात. भलतेच छुपे रुस्तम निघालात!”

“देतो,” स्वार म्हणाला.

तो टेबलापाशी बसला. कागदावर लिहिलं, “पानेवाल्याचा नमस्कार.” दिसायला छान दिसत होतं. मग पाच युक्त्या. पहिली: चेनला तेल घाला. कुठून, किती, आतून की बाहेरून? त्याला येईना. दोन गल्ल्या पलीकडचा मिस्त्री केव्हाच वारला होता. त्यानं पेन ठेवलं, उचललं, ठेवलं. शेवटी तो उठून मागच्या अंगणात गेला. ती शेजारणीची सायकल उलटी करून मागचं चाक काढत होती.

“अगं,” तो म्हणाला, “मला पाच गोष्टी सांग.”

तिनं वर बघितलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला हातातल्या कामाबद्दल काहीच विचारलं नव्हतं.

“कशासाठी?”

त्यानं सांगितलं. फोन, शेवटचा अंक, कट्टा, मथळा, आठवडाभर वाचलेलं सगळं.

“ते मी वाचलंय,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? तिथं जाऊन लिहू का, की तो मी नव्हे, ती मी? कोण ऐकणार होतं?” तिनं चाक सोडवून भिंतीला टेकवलं. “तुम्हाला हवं असेल ते लिहा. चेनला तेल आतल्या बाजूनं, चाक उलटं फिरवत. आणि जादाचं पुसून काढायला सांगा. लोक पुसत नाहीत.”

“तुला राग नाही?”

“आहे की. पण मी तुमच्यासारखी तो धरून बसू शकले नसते. मला कामं होती.”

त्यानं पाचही गोष्टी लिहून घेतल्या. आत गेला आणि आधीचा कागद फाडून नव्यानं सुरुवात केली. त्यानं लिहिलं की पानेवाला ही माझी बायको. मेळाव्यात मी नाही न म्हणता खोटं बोललो. एका मुलीनं माझा हात धरून आभार मानले, ते माझे नव्हते. मला बायकोचा हेवा वाटत होता, आणि हे लिहितानाही वाटतोय. लिहून झाल्यावर वाचायला तिच्यापुढे ठेवलं.

तिनं चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तो उभाच. तिनं पेन मागितलं, तिसऱ्या युक्तीत ‘उजवीकडे’ खोडून ‘डावीकडे’ केलं आणि कागद परत दिला. “डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो. बाकी ठीक आहे.”

शेवटचा अंक निघाला. कट्ट्यावर दोन-चार दिवस गदारोळ झाला. सही जपणारा मेळाव्यातला तो टपालवालाच निघाला; ती फाडावीशी वाटली, असं त्यानं लिहिलं. पुतण्याकडे आलेली पत्रं लेकीनं आईला वाचून दाखवली. जवळजवळ सगळी आईलाच होती. स्वार दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसला होता. बऱ्याच वेळानं त्यानं एकदा पान उलटलं.

यानंतर सार्वजनिक वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. तळघरातली खोली रिकामी होती; काकूंनी रविवारी सकाळी सायकल-दुरुस्तीचा वर्ग घ्यावा. तिनं घेतला. पहिल्या रविवारी सात जण आले, आठवा स्वार. तिनं त्याला ये म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला.

चौथ्या रविवारी चाक सरळ करायचं होतं. प्रत्येकापुढे एक वाकडं चाक, हातात आऱ्या, म्हणजे चाकाच्या तारा, पिळायची छोटी किल्ली. चाक फिरवायचं, कुठं डोलतंय ते बघायचं, तिथली आरी पाव फेरा आवळायची. स्वारानं एक आवळली. चाक दुसरीकडे डोलायला लागलं. ती आवळली, तर तिसरीकडे. त्याच्या कपाळावर घाम आला. शेजारी एका बेकरीत काम करणारी बाई होती, वयानं त्याच्या निम्मी. तिच्या बोटांना जणू आधीपासूनच ठाऊक होतं. वीस मिनिटांत तिचं चाक संथ पाण्यासारखं फिरायला लागलं.

पानेवाली रांगेतून हात मागे बांधून येत होती. बेकरीवालीच्या चाकापाशी थांबली, मान कलती करून ऐकलं. “सुरेख,” ती म्हणाली. “हात चांगला आहे तुझा.”

चाळीस वर्षांत स्वाराच्या कुठल्याही कामाला तिनं ‘सुरेख’ म्हटलेलं त्याला आठवेना. बेकरीवालीचा त्याला इतका राग आला की किल्ली हातातून निसटली.

बायको त्याच्यापाशी आली. त्यानं वर बघितलं नाही.

“माझं कसं आहे?”

तिनं चाक फिरवलं. ते बाकाच्या कडेला खर्र खर्र घासत गेलं.

“घासतंय,” ती म्हणाली.

“ते मला ऐकू येतंय. का घासतंय?”

“तुम्ही एका बाजूलाच आवळत सुटलाय. समोरची आधी सैल करा, मग ही घट्ट. अर्धा फेरा नाही, पाव.” तिनं खाली पडलेली किल्ली उचलून त्याच्या हातात दिली. “पुन्हा करा. मी आहे इथंच.”

वर्ग संपला, बाकीचे हात पुसून गेले, बेकरीवालीही गेली. वाचनालयाच्या बाईंनी येऊन किल्ल्यांचा जुडगा वाजवला. स्वार म्हणाला, “दहा मिनिटं द्या,” आणि मान खाली घालून समोरची आरी सैल करायला लागला.